कै. आनंदीबाई उर्फ बाया कर्वे

हेदवीच्या श्री दशभुजा लक्ष्मीगणेशाच्या दर्शनास बाहेरगावी स्थायिक झालेले आपले ज्ञातिबांधव सहकुटुंब येतात, बामणघळ पाहतात, वेळणेश्वरास जाऊन येतात आणि परत फिरतात. ह्या मुलखाची ठेवण मात्र सहसा कोणी लक्षात घेत नाही. आमच्या गुहागर तालुक्याच्या उत्तरेस वाशिष्ठीची, म्हणजे दाभोळची खाडी. दक्षिणेस शास्त्रीची, म्हणजे जयगडची खाडी. उत्तरेची खाडी ओलांडून दापोली तालुक्यात शिरले, की समुद्रकाठी मुरूड लागते. दक्षिणेकडे शास्त्रीच्या काठाने वर गेले, की संगमेश्वर आणि त्यापुढे देवरुख. देवरुख हे ज्यांचे माहेर, मुरूड हे ज्यांचे सासर, आणि ह्या दोन्ही गावांतील आपल्याच ज्ञातीने ज्यांच्या पंक्तीस बसणे एके काळी पाप मानले, त्या कै. आनंदीबाई कर्वे ह्यांचे चरित्र प्रस्तुत स्मरणिकेत देण्याचे आम्ही योजिले आहे. त्यांना घरीदारी सर्वजण बाया म्हणत. आम्हीही तेच नाव योजितो.

महर्षी कर्वे ह्यांचे नाव आपल्या घराघरांत आहे. आम्ही शाळेत शिकवीत असता महर्षींवरचा धडा कितीदा शिकविला ह्याची गणती नाही. हिंगण्याची झोपडी, महिला विद्यापीठ, भारतरत्न ही सारी माहिती मुलांकडून पाठ करून घेतली. परंतु हे थोर पुरुष महाविद्यालयातून घरी येत तेव्हा त्यांच्या पानात भात कोण वाढी आणि त्या भाताचे तांदूळ कोठून येत, हा प्रश्न आम्ही एकाही मुलास विचारिला नाही. ही आमची चूक येथे कबूल करून मग पुढे जातो.

बायांचा जन्म देवरुखच्या जोशी घराण्यात १८६५ च्या सुमारास झाला. माहेरचे नाव गोदूबाई. वडील बाळकृष्णपंत हे सामान्य स्थितीतले गृहस्थ. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे वयाच्या आठव्या वर्षाच्या सुमारास गोदूबाईंचे लग्न नातू घराण्यात झाले आणि थोड्याच महिन्यांत नवरा वारला. संसार म्हणजे काय हे कळण्यापूर्वीच तो संपला. पुढली सुमारे पंधरा वर्षे त्यांनी विधवा सून म्हणून काढिली. कोकणातल्या शेतकरी भिक्षुक घरात विधवा सुनेच्या वाट्यास काय येई, हे आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी आपापल्या आज्यांच्या तोंडून ऐकिले आहे. पहाटे गोठा, मग पाणी, मग स्वयंपाक, दुपारी भाताची कामे, रात्री उरलेसुरले जेवण. आणि मंगलकार्यात मात्र तोंड दाखवावयाचे नाही. एकत्र कुटुंबातील अशा स्त्रीस इस्टेटीत वाटा नसे. हक्क काय तो अन्नवस्त्राचा, आणि तोही घरच्यांनी मानिला तर. गोदूबाईंचा देह मजबूत होता, कामाचा उरक दांडगा होता आणि जीभ तिखट होती. त्यांच्या पुढील आयुष्यात ह्या तिन्ही गोष्टी कामास आल्या.

त्यांचे बंधू नरहरपंत हे मुंबईस होते. धोंडो केशव कर्वे हे नरहरपंतांचे स्नेही. दोघांची बिऱ्हाडे एकत्र असत. नरहरपंतांनी बहिणीला देवरुखाहून मुंबईस आणिले. तेथे कर्व्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई ह्यांच्या सोबतीने गोदूबाई राहिल्या. पुढे राधाबाईंच्या मुलाची त्या आई झाल्या, परंतु त्या वेळी हे कोणाच्या स्वप्नीही नव्हते.

ता. ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी मुंबईस शारदा सदन उघडिले. उच्चवर्णीय विधवांना अन्न, आसरा आणि शिक्षण एकाच छपराखाली मिळावे, असा त्या सदनाचा हेतू होता. नरहरपंतांनी बहिणीला तेथे घातले. सदनाच्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाईंची गणना होते. चोविशीच्या घरातली कोकणची बाई पोरांच्या बरोबरीने धुळाक्षरे गिरवू लागली, हे दृश्य ज्यांनी प्रौढ माणसास अक्षरओळख करून दिली आहे त्यांनाच नीट उमगेल. लहान मुलाचा हात वळतो, प्रौढाचा वळत नाही. नांगराच्या रुमण्याची सवय झालेल्या मुठीत लेखणी धरणे हे डोंगर चढण्याहून अवघड. तरी त्या शिकल्या. १८९० साली सदन पुण्यास हालले, तेव्हा त्याही पुण्यास गेल्या.

सदनावर पुढे मोठे वादळ आले. तेथे धर्मांतराची शिकवण दिली जाते, असा आक्षेप केसरीने घेतला आणि १८९३ साली पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. त्या वादाचा निवाडा येथे करण्याचे कारण नाही. एवढे मात्र खरे, की आपल्या समाजाने ज्या मुलींना घराच्या कोपऱ्यात बसविले होते त्यांना प्रथम पाटी देण्याचे काम ज्या बाईने केले, तिचे हे ऋण बाया आपल्या म्हातारपणापर्यंत विसरल्या नाहीत.

इकडे १८९१ साली राधाबाई निवर्तल्या. त्याच वर्षअखेर कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापक म्हणून पुण्यास आले. वय तेहतीस, पदरी रघुनाथ हा नऊ वर्षांचा मुलगा. पुन्हा लग्न करावे, असे आप्तेष्ट सांगू लागले. त्या काळी पस्तिशीकडे झुकलेल्या बिजवराला दहाबारा वर्षांची मुलगी सहज मिळे. ह्या गृहस्थांनी मात्र लग्न करावयाचे तर विधवेशीच, असा निश्चय बोलून दाखविला. गोदूबाईंच्या वडिलांची संमती होती. गोदूबाईंनीही स्वतः विचार करून होकार दिला. स्वतः विचार करून, हे शब्द आम्ही मुद्दाम लिहितो. त्या काळी प्रथम लग्नाच्या मुलीला कोणी विचारीत नसे; ह्या लग्नात वधूचे मत घेतले गेले. ता. ११ मार्च १८९३ रोजी, शारदा सदन उघडल्यास बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, पुण्यास हा विवाह झाला आणि गोदूबाई नातू ह्या आनंदीबाई कर्वे झाल्या.

विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालीच झाला होता. पण कायद्याने विवाह सशास्त्र ठरला तरी पंगत मिळत नाही. आणि त्या कायद्यात एक मेख होती, ती आपल्या भगिनींस ठाऊक असावी. पुनर्विवाह करणाऱ्या स्त्रीचा पहिल्या पतीच्या घरावरचा हक्क, अन्नवस्त्रासह, त्या क्षणी संपे. म्हणजे नातूंच्या घरचे दार बायांनी स्वतःच्या हाताने कायमचे लावून घेतले होते. आता त्यांना ह्या जगात आधार तो एकच, नव्या नवऱ्याचा. ही गोष्ट ध्यानात ठेविल्यावाचून पुढील हकीकतीचा अर्थ लागणार नाही.

लग्नानंतर हे दांपत्य मुरूडास गेले. मुरूड हे कर्व्यांचे जीव की प्राण असलेले गाव. गावाच्या हितासाठी मुरूड फंड सुरू करण्यात ते पुढे होते. गावाने काय केले? ग्रामस्थांची सभा भरली. कर्वे ज्या बैठकीत असतील तेथे कोणी बसू नये, आणि त्यांना घरात ठेवतील तर त्यांच्या आईभावांसही वाळीत टाकावे, असे ठरले. म्हाताऱ्या आईला मुलाला घरात घेता येईना. सुनेची स्थिती काय असेल, हे सांगावयास नको. मुलाचे शिक्षण, अध्यापकी, गावावरचे उपकार ह्यांमुळे लोक त्याच्याकडे निदान दुरून आदराने पाहत. सुनेकडे मात्र किळसेने पाहत. हे ठरविणारे लोक दुष्ट नव्हते. देवधर्म करणारे, गरिबाला शेरभर तांदूळ देणारे, आमच्यातुमच्या आज्या-पणज्यांसारखेच होते. म्हणूनच हा प्रसंग गाळून बायांचे चरित्र ज्ञातीच्या स्मरणिकेत छापणे आम्हास प्रशस्त वाटले नाही. आज ज्ञातिसंस्थांच्या वधूवर-सूचीत पुनर्विवाहेच्छूंचा विभाग असतो आणि तो चाळताना कोणास काही वाटत नाही.

पुण्याचे बिऱ्हाड हे लवकरच अनेकांचा आसरा झाले. १८९३ च्या अखेरीस कर्व्यांनी विधवाविवाहास साह्य करणारी मंडळी स्थापिली. मंडळी म्हणजे कागदावरचे सभासद. प्रत्यक्षात पुनर्विवाह केलेली कुटुंबे, त्यांची मुले, कोठून तरी निघून आलेली एखादी विधवा, हे सर्व येत ते कर्व्यांच्या घरी. आल्यागेल्याचे पान बायांनी मांडावयाचे. फर्ग्युसनच्या आजीव सभासदास त्या काळी महिना पंचाहत्तर रुपये मिळत. त्यांतून घरखर्च, सावत्र मुलाचे शिक्षण, पुढे झालेले शंकर, दिनकर व भास्कर हे तीन पुत्र, आणि वर हा सदावर्ती पाहुणचार.

ता. १४ जून १८९६ रोजी अनाथबालिकाश्रम निघाला. आश्रमाच्या पायी अण्णांनी, म्हणजे कर्व्यांनी, घरात काहीच ठेवले नाही. स्वतःची शिल्लक दिली. अखेर बायकामुलांची एकमेव तरतूद असलेली आयुर्विम्याची पॉलिसीही आश्रमाच्या नावे करून दिली. इतर चरित्रांत हा प्रसंग त्यागाचा परमावधी म्हणून वर्णिलेला असतो आणि तो तसा आहेच. पण त्या दिवशी बाया भांडल्या. चांगल्याच भांडल्या. थोर पतीच्या मागे मूकपणे उभी राहणारी पतिव्रता ज्यांस हवी असेल त्यांना हे आवडणार नाही. बायांनी मात्र आपल्या आठवणींत ते लपविलेले नाही. आठव्या वर्षी ज्या मुलीचा पहिला आधार तुटला, दुसरे लग्न करताना जिने पहिल्या घरचा हक्कही सोडिला, तिला आपल्या मुलांच्या डोक्यावर उद्या छप्पर असेल काय, ही चिंता पडावी ह्यात अनुदार असे काय आहे? अण्णा जगातल्या सर्व विधवांचा विचार करीत होते. आपण उद्या पुन्हा विधवा झालो तर, हा विचार बायांना करावा लागत होता. आम्हास दोघेही बरोबर वाटतात. पण भूक बायांच्या मुलांना लागणार होती.

भांडण करून त्या रुसून बसल्या नाहीत. नवरा जर सारे देऊन टाकणार असेल तर आपण स्वतः मिळविले पाहिजे, असे त्यांनी ठरविले आणि सुईणपणाचे शास्त्रीय शिक्षण घेण्यासाठी नागपूर गाठले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोकणस्थ अध्यापकाच्या पत्नीने सुईणपण शिकावे ही गोष्ट पुनर्विवाहाइतकीच धक्कादायक होती. बाळंतपणाचे काम हलक्या समजल्या जाणाऱ्या जातींच्या बायकांचे; आपल्या घरची बाई विटाळाच्या भयाने त्या खोलीच्या उंबऱ्याशी थांबे, आणि त्या भयापायी कित्येक बाळंतिणी व पोरे दगावत. बायांनी तो उंबरा ओलांडिला. घरात मुले सांभाळण्यास ठेवून घेणे, पै पै बाजूला टाकणे, हिशेब स्वतः पाहणे, हा क्रम त्यांनी पुढेही चालू ठेविला. अण्णांच्या संसारास अण्णांच्या दानशूरपणापासून वाचविण्याचे काम त्यांनी आयुष्यभर केले, असे म्हटले तर अण्णांचाही त्यात अवमान होणार नाही. तेही हे जाणून होते.

आश्रमाशी बायांचा संबंध मोठा विलक्षण राहिला. विधवांना शिकवावयाचे ते त्यांनी स्वावलंबी व्हावे म्हणून. त्यांची लग्ने लावणे हा आश्रमाचा हेतू नाही, असे धोरण अण्णांनी प्रथमपासून ठेविले होते. तसे नसते तर सनातनी पालकांनी आपल्या मुली तेथे पाठविल्या नसत्या. धोरण शहाणपणाचेच. परंतु त्याचा अर्थ असा झाला, की विधवांसाठी काढलेल्या ह्या घरापासून पुनर्विवाहित विधवेनेच अंतर राखावयाचे. ज्या कामासाठी घरची चूल कित्येकदा थंड राहिली, त्या कामाच्या दालनात घरधनीण परकी. पुण्यात प्लेगाने थैमान घातले, आणि १९०० साली रावबहादुर गणेश गोविंद गोखले ह्यांनी दिलेल्या हिंगण्याच्या जमिनीवर आश्रमाची पहिली झोपडी उभी राहिली. अण्णा महाविद्यालयातले काम आटोपून सामानसुमान घेऊन चिखलातून हिंगण्यापर्यंत पायी जात आणि सकाळी परत येत. ते चालणे प्रसिद्ध आहे. त्या दिवसांत पुण्यातले घर, तापाने फणफणलेली मुले आणि वाण्याचे देणे ही ज्या बाईने एकटीने निभावली तिची वाटचाल कोणी मोजली नाही.

ह्याच काळात बायांच्या धाकट्या भगिनी पार्वतीबाई आठवले ह्या बहिणीच्या आश्रयास पुण्यास आल्या. त्यांनाही ऐन तारुण्यात वैधव्य आले होते आणि पदरी एक मुलगा होता. अक्षरशत्रू अशी ही बाई पुढे आश्रमाची आधारस्तंभ झाली, निधी जमवीत गावोगाव हिंडली आणि १९१८ साली इंग्रजी शिकण्याच्या जिद्दीने अमेरिकेस गेली. पार्वतीबाईंवर स्वतंत्र लेख व्हावयास हवा. पुढील वर्षी संपादक मंडळाने मनावर घेतल्यास आम्ही तो लिहू. देवरुखच्या एका सामान्य घरातल्या ह्या दोघी बहिणी. एकीने पुनर्विवाह केला, दुसरीने वैधव्यात राहून आयुष्य कामास वाहिले, आणि दोघींनी एकमेकींस कमी लेखिले नाही.

१९०७ साली महिला विद्यालय निघाले, १९१६ साली महिला विद्यापीठ. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींची पंधरा लाखांची देणगी मिळाली. ही हकीकत सर्वश्रुत असल्याने तिचा विस्तार करीत नाही. बायांच्या बाजूने पाहता ह्या वर्षांत मुले मार्गी लागली, एवढे पुरे. रघुनाथरावांनी संततिनियमनाच्या कार्यास वाहून घेतले व त्यापायी प्राध्यापकी सोडली. सारे त्यांना नावे ठेवीत. बायांना लोकनिंदेचा अनुभव त्यांच्याहून जुना होता. शंकरराव डॉक्टर होऊन पूर्व आफ्रिकेत मोंबासा येथे स्थायिक झाले. दिनकरराव रसायनशास्त्राचे प्राध्यापक व पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. त्यांच्या पत्नी म्हणजे विख्यात मानवशास्त्रज्ञ इरावतीबाई कर्वे. भास्करराव हिंगण्याच्या संस्थेतच राहिले आणि त्यांच्या पत्नी कावेरीबाई ह्यांनीही त्याच कामास हातभार लाविला.

इरावतीबाईंनी आपल्या सासऱ्यांविषयी लिहिताना मोठी भक्ती दाखविली आहे, पण अशा पुरुषाची सून होणे हे भाग्य आणि पत्नी न होणे हे त्याहून मोठे भाग्य, अशा आशयाची कबुलीही मोकळेपणाने दिली आहे. एका सुनेने सासूला केलेला हा नमस्कारच आम्ही मानितो.

आयुष्याच्या उतारास बायांनी आपल्या आठवणी सांगितल्या. कावेरीबाईंनी त्या संपादिल्या आणि १९४४ साली माझे पुराण ह्या नावाने त्या पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. नाव स्वतःची थट्टा करणारे आहे; आपली कर्मकथा किती लांबली, असे आमच्याकडे म्हणतात त्यातले. महाराष्ट्रात थोर पुरुषांच्या पत्नींची आत्मचरित्रे बरीच आहेत आणि त्यांतील बहुतेक पतीच्या चरित्राची पुरवणी असतात. हे पुस्तक तसे नाही. त्यात तक्रार आहे, हिशेब आहे, विनोद आहे, आणि पतीविषयी खोल आदर असूनही त्याच्या वागण्यातले जे पटले नाही ते पटले नाही असे सांगणारा स्वभाव आहे. भाषा बोलण्यातली. कोकणी माणसाला वाचताना आपली एखादी आत्याच ओटीवर बसून सांगते आहे असे वाटते. ज्ञातिबांधवांच्या घरी महर्षींची तसबीर पुष्कळ ठिकाणी आढळते. हे पुस्तक फार थोड्या ठिकाणी आढळले, म्हणून मुद्दाम नमूद करितो.

१९७२ साली वसंत कानेटकरांचे हिमालयाची सावली हे नाटक रंगभूमीवर आले. त्यातील नानासाहेब भानू व त्यांची पत्नी बयो ही पात्रे ह्या दांपत्यावरून सुचलेली, हे सर्वांनी ओळखिले. श्रीराम लागू आणि शांता जोग ह्यांच्या भूमिका गाजल्या आणि बायांचे नाव नव्या पिढीच्या कानी पडले. नाटक उत्तम आहे. त्याच्या नावाविषयी मात्र आमची एक बारीकशी कुरकुर आहे. सावलीला स्वतःची चूल पेटवावी लागत नाही, आणि सावली नागपूरला जाऊन सुईणपण शिकत नाही. हिंगण्याच्या संस्थेने बाया कर्वे पुरस्कार ठेविला आहे, तो सामाजिक काम करणाऱ्या स्त्रियांस त्यांच्या स्वतःच्या नावे मिळतो. हे आम्हास अधिक योग्य वाटते.

मुरूडाचा राग पुढे निवळला. ज्या गावाने बैठकीत बसू दिले नाही, त्याच गावी आज महर्षींचे स्मारक आहे आणि पर्यटकांना तेथील लोक ते अभिमानाने दाखवितात. फेरीबोटीने दाभोळची खाडी ओलांडली, की हेदवीहून आता अर्ध्या दिवसात मुरूडास जाऊन येता येते. तेथे गेलेल्या आपल्या कुटुंबांनी गावातल्या वृद्ध मंडळींस बायांविषयी जरूर विचारावे.

बायांचे निधन १९५० साली झाले. लग्नास तेव्हा सत्तावन्न वर्षे झाली होती. ज्या बाईला पुन्हा वैधव्य येण्याची धास्ती जन्मभर होती, ती सवाष्ण गेली. १९५८ साली अण्णांना वयाच्या शंभराव्या वर्षी भारतरत्न मिळाले तेव्हा बाया जाऊन आठ वर्षे झाली होती, आणि त्यानंतर ता. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी अण्णाही गेले.